पुणेकराची भरती आणि माझा बर्फ

आता कुठल्या तोंडाने सांगू तुमाला, पण चहा घेतलाच हाय तर ऐका.

हसू नका, मी कोड लिवतो. गणितात दोनदा आपटलेला कोळ्याचा पोरगा बोईसरला कंप्युटर क्लासला बसला, तर असंच होणार. सर बोलले, नेटवर सगळ्यांसाठी खुले कोड असतात, त्यात कायतरी सुधारा, तुमचं नाव लागतं. नाव लागतं म्हटल्यावर मी सोडतोय काय?

मला सापडला भरतीची वेळ काढणारा कोड. पुण्याच्या माणसाने लिवलेला. पुण्यात समुद्र कुठे, ते नका विचारू. हिशोब आपला कोळ्यांचाच: तिथीच्या आकड्याची पाऊणपट बारामध्ये मिळवा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. त्याला फक्त टाइप लावायचे होते. म्हणजे आई कशी टपावर चिठ्ठी लावते, यात बोंबील, यात कोळंबी? तशी प्रत्येक आकड्याला चिठ्ठी, हा पूर्ण, हा अपूर्णांक. चिठ्ठीने आतली मासळी बदलत नाय.

मी सगळीकडे 'पूर्ण' ठोकून दिलं. विचार कोण करतो! तपासणारा प्रोग्राम पाऊणवर अडला, लाल झाला. बोलला, हा पूर्ण नाय. थांब, तुला पूर्ण करून देतो, म्हणत मी पाऊणवर 'पूर्ण कर' असा हुकूम लावला. लगेच हिरवी खूण! पुणेकराने हिरवं बघितलं, आभार मानले, माझा बदल कोडात घेतला. आठ दिवस मी कॉलर वर करून फिरलो.

मग आली पंचमी. बाबाची मोठी बोट खाडीबाहेर नांगरलेली, पोटात दोन दिवसांचं मावरं, म्हणजे धरलेली मासळी, आणि बर्फ संपत आलेला. पावणेचारच्या भरतीला होडीतून बर्फ आण, नायतर मावरं गेलं, असा त्याचा फोन. मी कोड चालवला. बारा! म्हटलं, म्हातारा चुकला. लवकर जाऊन चाट पाडतो त्याला.

होडीत तीन टप बर्फ, वल्ही मारायला कालूकाका. त्याने एकदा खाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"पाणी कुठे हाय?"

"येतंय काका. बाराची भरती हाय."

"बोंबलाने सांगितलं काय तुला?"

"कोडने."

मधल्या चिखलात होडी रुतली. पुढे जाईना, मागे येईना. बर्फ मात्र निघाला, थेंब थेंब. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बाया काम सोडून बघत बसल्या. बाबाचा फोन वाजत होता, मी काय उचलला नाय.

काकाने विचारलं, कोणी केला हा कोड? पुण्याचा माणूस हाय एक, मी बोललो. मला तर आनंदच झाला. पुणेकराला दोन शिव्या पडू देत! कुठली ओळ कोणी बदलली याची नोंद असते, ती फोनवर उघडली.

पाऊणचा शून्य झाला होता. 'पूर्ण कर' म्हटलं की तो पुढचा अपूर्णांक सरळ कापून टाकतो. आता कुठलीही तिथी घाला, बाराच! आणि ओळीसमोर नाव माझं.

फोन खिशात घालायच्या आत काकाने ओढला. त्याला इंग्रजी येत नाय, म्हणून मी निवांत. त्याने ते नाव बघितलं. मग वाकून होडीवर रंगवलेलं नाव बघितलं, बाबाने लाडाने होडीला माझंच ठेवलेलं, इंग्रजीत.

"अक्षरं सेम हाय रे," काका बोलला. "हा पुण्याचा माणूस तुझ्या बापाच्या होडीवर काय करतो?"

पाणी चढलं तशी होडी सुटली. बाबाच्या बोटीवर पोचलो बरोबर पावणेचारला, तीन टप गार पाणी घेऊन.