ट्रे आलाच नाही

ऑपरेशन झालं की आतून काढलेली वस्तू ट्रेमध्ये ठेवून बाहेर बसलेल्या नातेवाइकांना दाखवायची, ही आमच्याकडच्या दवाखान्यांची रीत. थोरल्या जाऊबाईंची गर्भाची पिशवी काढली तेव्हा सासूबाईंनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून तेलगावात जो भेटेल त्याला त्या तिचा आकार दोन्ही हातांनी करून दाखवायच्या. माझ्या वेळी त्या पुण्याच्या दवाखान्यात तशाच आशेने बाकावर बसून राहिल्या. ट्रे आलाच नाही.

माझी पिशवी ठणठणीत होती. तिच्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर वाढून कमरेतून पायात जाणाऱ्या नसेला चिकटलं होतं. पाळी आली की उजव्या पायातून असा जाळ उतरायचा की मी पदर दातात धरायचे. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी ते ओळखून मला पुण्याला धाडलं. तिथल्या सर्जननी नसेवरचं सगळं खरडून काढलं आणि बजावलं, नस बरी व्हायला महिने लागतील, रोज थोडं थोडं बसायची सवय करा. खरडलेलं तपासणीला गेलं. सासूबाईंनी मात्र तिथल्या तिथं निकाल दिला, "एवढं पोट फाडलं, अन् काढलं काय? काईच न्हाई! गंडवलं आपल्याला."

घरी आले आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटाचा पुडा द्यायचा, चहा ढोसायचा आणि मला खालून वर न्याहाळायचं. मला उभं राहता येई, आडवं होता येई. बसलं की मात्र निखाऱ्यावर टेकल्यासारखं व्हायचं, म्हणून मी उभ्यानेच पाहुण्यांचा मान राखायचे.

"उभी तर ऱ्हाती की लई झ्याक," एक मावशी म्हणाल्या, "मग आजार हाय कुठं?"

मास्तरीण असो की अडाणी, सगळ्या एकाच माळेचे मणी. आणि आमचे हे नंदीबैलासारखे सगळ्यांपुढे मान डोलवायचे. मला त्या सगळ्यांची किळस आली होती.

मला हवी होती फक्त माझी खुर्ची. आमच्या किराणा दुकानाच्या दर्शनी बाजूला एसटीडी बूथ होता, माझ्या नावावरचा, मीच चालवलेला. मी आजारी पडल्यापासून तिथे धाकटा दीर पाय पसरून बसला होता. "दिवाळीपतूर बसली तर बसली," सासूबाई म्हणाल्या, "न्हाईतर बूथ त्याचाच." दिराला एक नंबर धड लावता येत नव्हता. पण त्याचं ढुंगण शाबूत होतं आणि आमच्या घराला तेवढी लायकी पुरत होती.

मी जुन्या लुगड्याची घागरीखाली घेतात तशी, पण चांगली जाड चुंबळ केली आणि तिच्यावर बसायला लागले. आधी चहाला उकळी येईपर्यंत, मग डाळ शिजेपर्यंत. रडायचे, पण बसायचे. वसुबारसेला उजवं पाऊल ओढत बूथमध्ये गेले, दिराला उठवलं, खुर्चीवर चुंबळ ठेवली आणि बसले. तो तोंड वाकडं करून गेला.

दुपारी थोरल्या जाऊबाई आत आल्या आणि काचेचं दार लोटून घेतलं. ह्याही आता तोंडसुख घेणार, म्हणून मी मान फिरवली.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "माझा बी पाय तुझ्यासारखाच जळतो. आधी पाळीलाच जळायचा, आता रोज. पिशवी गेली, दुखणं हाय तिथंच."

"मग इतके दिवस बोलला कावून न्हाई?"

त्यांनी काचेतून दुकानापुढच्या ओट्याकडे पाहिलं. सासूबाई कुणाला तरी दोन्ही हातांनी तोच आकार करून दाखवत होत्या.

"आत्याबाईंनी सोता बघितली न्हवं ट्रेमधी. आता दुखतंय म्हणलं तर कोण मानंल?"

मी चुंबळ नीट केली, फोन पुढे ओढला आणि अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर फिरवला.