झाकल्या तोंडाचा व्हिलन आणि धुळ्याचा रोट

आमच्या धाकट्या दीरांइतका संशयी माणूस तापीच्या या काठाला नाही अन् त्या काठालाही नाही. देवळात गेले तर आधी चपलांकडे बघतील, मग पुजाऱ्याकडे, मग देवाकडे. चहात साखर जरा जास्त पडली की कप खाली ठेवायचे अन् विचारायचे, "वहिनी, आज काय काम शे?" काम काही नाही म्हटलं तर संशय अजून वाढायचा. त्यांचा तरी काय दोष? जन्म सगळा दोंडाईच्यात मिरचीच्या पथारीवर राखण करण्यात गेला. पथारी म्हणजे उघडं रान, त्यावर लाल मिरची वाळत घातलेली. भिंत नाही, दार नाही, नुसते आमचे दीर. तशा जागी दिसेल तो चोरच वाटतो. एखादं कुत्रं आलं तरी म्हणायचे, याला कोणी पाठवलं ते बघा.

राखण सुटली अन् माझ्या मुलानं त्यांना आपला जुना मोबाईल दिला. त्यात एक गोष्ट रोज थोडी थोडी यायची, ऐकायची. सात डोंगरांचं राज्य, जादूगार, बोलणारे पक्षी, अन् एक व्हिलन. त्या व्हिलनचं तोंड कोणी पाहिलेलंच नाही. तो नुसतं काळं पीस पाठवतो. ज्याच्या उशाशी पीस सापडेल, तो माणूस सकाळी गायब. वर्ष गेलं, दुसरं गेलं, गोष्ट काही संपेना अन् व्हिलन काही बाहेर येईना. दीरांना जशी नवी पथारीच मिळाली राखायला. मी डाळ निवडत बसायची अन् ते समोर बसून एकेकाला धरायचे. आधी राजाची दाई. का, तर ती फार रडते. मग म्हातारा सेनापती. तो लंगडा होता, पण दीर म्हणाले, "मी कान लावून ऐकलं, दोन्ही पायांचा आवाज सारखा येतो." शेजारचे पिंजारी चाचा एकदा बोलून गेले, "अरे भाई, लिहिणाऱ्यालाच माहीत नसेल." झालं, मग दोन-चार दिवस लिहिणाऱ्यावरच संशय. शेवटी त्यांची नजर ठरली ती दरबारातल्या मुक्या पाणक्यावर. घागर घेऊन येतो, पाणी देतो, जातो. सबंध गोष्टीत त्याला एक शब्द नाही. "जो बोलस नही, तो ऐकी राहिना," दीर म्हणायचे. त्याचा डावही त्यांना कळलेला होता. त्याला गादी नको. सातव्या डोंगराखाली झरा आहे, तो त्याला पाहिजे. पाणी ज्याच्या हातात, राज्य त्याचंच.

मी म्हणायची, "गरीब असेल बिचारा, पोटासाठी पाणी भरत असेल."

"असंच तर तुम्हाला वाटलं पाहिजे," ते म्हणायचे. "त्याचा डावच तो आहे."

पण घरात खरा व्हिलन एकच होता, अन् तो गोष्टीतला नव्हता. धुळ्याला राहणारे मधले दीर. आमचे मालक गेले तेव्हा पोरं लहान होती. मी पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायला लागले. दिवसभर देठ खुडले की हाताची अशी आग व्हायची की संध्याकाळी पोरांच्या तोंडाला हात लावायची सोय नाही. लावला की पोरं किंचाळायची. तेव्हा त्यांचं तोंड धुणं, भरवणं, डोळे पुसणं, सगळं या धाकट्या दीरांनी केलं. त्याच वर्षी मधले दीर कानबाई धुळ्याला घेऊन गेले. आमची देवी कानबाई म्हणजे पिढ्यांचा जुना नारळ. श्रावणात त्यालाच डोळे, नथ लावून बसवायचं, गाणी म्हणायची, सगळ्या भाऊबंदांनी मिळून नैवेद्याचा रोट खायचा. मधले म्हणाले, वहिनीकडून आता हे निभणार नाही, मी करतो. धाकटे म्हणाले, "आज देवी नेली, उद्या घर नेईल." घर काही कोणी नेलं नाही. पण तेव्हापासून दोघा भावांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं. दरसाल मी पोरांना घेऊन धुळ्याला जायची, धाकटे पथारीवर बसून राहायचे. मला एकच वाटायचं, माझे डोळे मिटायच्या आत हे दोघं एका पंगतीला बसावेत.

दोन वर्षांमागे श्रावणात धुळ्याहून निरोप आला, या साली धाकट्याला घेऊन या. झालं, दीरांची झोप उडाली. इतकी वर्षं नाही अन् आताच का? त्याला काय पाहिजे? कोण शिकवतंय त्याला? मी भाकरी थापत होते. म्हटलं, "भाऊजी, पाणक्याचा डाव घरी बसून कळतो का? दरबारात जाऊन बघावं लागतं."  दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून तयार. "जेवायला नाही जात," म्हणाले, "बघायला जातो." एसटीत पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरून बसले होते, धुळ्याचं पाणी प्यायचं नाही म्हणून.

तिथे ते भिंतीला टेकून बसले अन् सगळ्यांवर नजर ठेवली. भावाकडे बघितलं, पण बोलले नाहीत.  जाऊबाई रोटाचं पीठ घ्यायला बसल्या. आमच्यात घरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन मूठ टाकतात. अन् तो रोट भाऊबंदांनीच संपवायचा. बाहेर द्यायचा नाही, उरवायचा नाही. नावं चालली होती. मध्येच धाकट्या दीरांचं नाव आलं अन् मूठ पडली. दीर ताठ झाले.

"मना नावनी मूठ कसाले?"

जाऊबाईंचा हात तसाच थांबला. मधले दीर खाली बघूनच बोलले, "दरसाल घालतस. तुना वाटाना रोट मीच खास. खाई खाई पोट बिघडनं मनं."

धाकट्यांच्या वाट्याचा रोट मधलेच खातात, हे मला ठाऊक होतं. दर श्रावणात पाहत होते मी, दोन वाटे संपवून भिंतीला टेकून बसलेलं त्यांना. पण घरी येऊन सांगितलं असतं तर धाकटे म्हणाले असते, वहिनी, तुम्हाला शिकवून पाठवलं. काही गोष्टी माणसानं आपल्याच डोळ्यांनी बघाव्या लागतात.

दीरांनी बाटली बाजूला ठेवली. पंगत बसली तेव्हा भावाच्या शेजारी बसले अन् आपला वाटा आपण खाल्ला. सावकाश खाल्ला, तुकडा उलटा-सुलटा करून, पण सगळा खाल्ला. मग धुळ्याचं पाणी मागितलं. संध्याकाळी बघते तर दोघं ओट्यावर, मध्ये मोबाईल, अन् हे भावाला पाणक्याचा डाव समजावत होते. भाऊ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अरे, त्यानं कधी काही नेलं असेल, अन् आता परत कसं द्यावं ते सुचत नसेल. म्हणून तोंड झाकतो." दीर म्हणाले, "गोष्टीत असं नसतं." निघताना भावानं कानबाईचा नारळ लाल फडक्यात बांधून यांच्या हातात दिला.

आता कानबाई दोंडाईच्यात बसते. गेल्या थंडीत मधल्या दीरांना लकवा झाला, वाचा गेली. धाकटे रोज त्यांना फोन लावतात. जाऊबाई फोन कानाशी धरतात अन् हे गोष्टीत काय झालं ते सांगतात, कोणावर संशय आहे ते सांगतात. तिकडून नुसता श्वास येतो. फोन ठेवला की मला म्हणतात, "त्याला माहीत आहे व्हिलन कोण ते. सांगत नाही."

या श्रावणात भावाच्या नावाची मूठ यांनी स्वतःच्या हातानं टाकली. धुळ्याहून ते येणार नव्हतेच. रोट झाला, पंगत बसली, अन् यांनी दोन वाटे पुढ्यात घेतले. पहिला भरभर संपला. दुसऱ्याला फार वेळ लागला. मी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. शेवटचा तुकडा हातात धरून ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

"हाऊच त्याना डाव व्हता, वहिनी," म्हणाले. "देवी बी, रोट बी, बठ्ठं मनाच गळामा."

अन् तो तुकडा त्यांनी खाल्ला.