मिटल्या डोळ्यांचा गणपती

परवा रोह्याच्या बाजारात गणपतीच्या एका दुकानात ओल्या शाडूचा वास आला आणि पेणचा तो कारखाना आठवला, जिथे माझा धाकटा भाऊ गणपतींचे डोळे रंगवायचा. एका वर्षी त्याने स्वतः घडवलेल्या मूर्तीला बुबुळं काढलीच नाहीत, मिटल्या पापणीची बारीक रेघ तेवढी ओढली. मालक भडकले. "झोपलेला देव कोण नेणार रे? बुबुळं काढ, नायतर भिजत घालून माती करतो त्याची." भावाने कुंचला खाली ठेवला. मी चार पुस्तकं वाचलेली मोठी बहीण, पण मीही म्हणाले, "काढ ना बाबा, लोकांना आवडेल असं कर." त्याने माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं अजून विसरता येत नाही. तेवढ्यात खाडीकडच्या गावातली, मिठागरात काम करणारी एक बाई पाट घेऊन आली. सगळ्या मूर्ती सोडून ती त्या गणपतीपुढे थांबली. "ह्योच द्या मला," ती मालकांना म्हणाली. मालक हसले, "अगो, हा तुझ्याकडं बघायचा पण नाय." "नको बघू दे. पोरगा गेल्यापासून देवाच्या डोळ्याला डोळा देववत नाय मला." भावाने स्वतः मूर्ती उचलून तिच्या पाटावर ठेवली. भाऊ गेला, त्यानंतरचा हा पहिलाच गणेशोत्सव. परवा त्या दुकानात मी बराच वेळ खाली मान घालून उभी होते. फळीवरचे सगळे गणपती टक लावून बघत होते, मिटल्या डोळ्यांचा त्यात एकही नव्हता.