मुक्यानं खेळायचा डाव

उंटाची चाल कशी असते हे मला आजतागायत कळलेलं नाही. घोडा अडीच घरं जातो म्हणतात, जातो तर जावो. पण बाहेर ओट्यावर डाव रंगलाय की कुणाचं बिनसलंय, हे मला आत चुलीपाशी भाकरी थापताना नुसत्या आवाजावरून कळायचं. कारण आमच्या उंद्री गावात बुद्धिबळ हा बोलायचा खेळ होता.

दिवेलागणीच्या आधी आमचे मालक ओट्यावर पट मांडायचे आणि त्यांचे एक जुने सोबती समोर येऊन बसायचे. या सोबत्यांना मी भाऊजी म्हणत असे. आमची जमीन कोरडवाहू, कपाशीची. त्यांचं विहिरीवरचं बागाईत, वांगी, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. हातपाय धुऊन आले तरी अंगाला सांभाराचा वास असायचाच. भोवती गावचे चारदोन रिकामे लोक जमत आणि न विचारता सल्ले देत. त्या सगळ्यांचा चहा मी करायचा, म्हणून या खेळावर माझा पहिल्यापासून राग.

राजाला शह दिला की सांगायचं, हे तर सगळीकडेच आहे. आमच्याकडे त्याहून एक जास्तीची रीत होती. समोरच्याच्या वजिरावर मोहरा रोखला, तरी तोंडानं सांगायचं. "वजीर जपा, पाटील," असं भाऊजी म्हणायचे. मग मालक डोकं खाजवत वजीर हलवायचे आणि थोड्या वेळानं तेही म्हणायचे, "आता तुमचा जपा, बुवा." न सांगता वजीर उचलणं म्हणजे चोरी. तसं कुणी केलं तर बघे लोकच त्याला उठवून लावत.

एका वर्षी खामगावला सामने ठरले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे कोर्ट असो की खेळ, मोठं काही म्हटलं की नागपूर. खामगावात पहिला येईल त्याला नागपूरच्या सामन्यांना पाठवणार होते. मालकांनी नाव दिलं. गावात त्यांना हरवणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे भाऊजी. मी त्यांना विचारलं, "तुम्ही नाही दिलं नाव?"

"मिरचीले पाणी कोण देईन, वहिनी?" ते हसून म्हणाले. "पाटील गेले म्हणजे मीच गेलो."

तरी शेवटच्या दिवशी त्यांना राहवलं नाही. मोटारीत बसून खामगावला गेले. तिथं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच ओट्यावर वांग्याची टोपली ठेवताना सांगितलं. मालक तर तोंड भिंतीकडे करून निजले होते.

तिथल्या दिवाणखान्यात खेळताना एक शब्द बोलायचा नाही, असा नियम होता. बघ्यांनी तर खोकायचंही नाही. शेवटच्या डावात समोर एक तरुण वकील होता. मालकांनी त्याचा वजीर असा कोंडीत धरला होता की त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि सवयीनं मालक म्हणून गेले, "वजीर जपा." पंचांनी दटावलं. वकिलानं दचकून पाहिलं, वजीर काढून घेतला आणि गालात हसला. पुढं त्यानं मुकाट्यानं घोडा असा आणून ठेवला की मालकांचाच वजीर गेला. त्यामागोमाग डावही गेला आणि नागपूरही.

"मले दिसून राह्यलं होतं तो घोडा येताना," भाऊजी म्हणाले. "तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून बसलो, वहिनी. मोटारीत पाटील मले म्हणते, दिसलं तर बोलले काऊन नाही? आता काय सांगू त्यायले?"

आठवडाभर ओटा सुना राहिला. मग पट पुन्हा निघाला, पण मालकांनी तोंडाला कुलूप घातलेलं. शह तेवढा सांगायचे, तोही ओठांतल्या ओठांत. बघ्यांना हात करून गप्प बसवायचे. लोक कंटाळले आणि येईनासे झाले. माझा चहा वाचला, म्हणून मी आधी खूशच होते.

नंतर एक गोष्ट माझ्या कानाला टोचायला लागली. भाऊजींचं "वजीर जपा, पाटील" रोज ऐकू यायचं. मालक वजीर जपायचेही. पण उलट त्यांच्याकडून ते कधी यायचं नाही. भाऊजी आपला वजीर स्वतःच्या नजरेवर सांभाळत होते आणि हे मात्र त्यांचं सांगणं घेऊन वर गप्प. मी एकदा रात्री जेवताना म्हटलं, "हे काय बरं दिसतं का?" तर म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? सवय मोडून राह्यलो मी." खेळातलं मला समजत नव्हतं, हे खरंच. पण घेणं आणि देणं तर समजत होतं.

शेवटी व्हायचं ते झालं. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी मी दाराशी धान्य पाखडत होते. मालकांनी हात पुढं केला आणि काही न बोलता भाऊजींचा वजीर उचलून बाजूला ठेवला. भाऊजींनी त्या रिकाम्या घराकडे पाहिलं. मग उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"यंदा तुम्ही नागपूरले जाता पाहा, पाटील," एवढंच म्हणाले आणि ओटा उतरले. त्यानंतर ते खेळायला आले नाहीत.

भांडण झालं असतं तर बरं होतं, चारचौघांनी मिटवलं असतं. इथं भांडणच नव्हतं. वांगी येत होती, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसत होते, शेताच्या धुऱ्या-बांधावर भेटले की पावसापाण्याचं बोलत होते. फक्त पटाचं नाव कुणी काढत नव्हतं. मालक त्या वर्षी खामगावात खरंच पहिले आले आणि नागपूरला गेले. पहिल्याच डावात हरून परत आले. तिथं काय घडलं ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. ओट्यावर एकटेच पट मांडून बसायचे आणि भाऊजींच्या बागेकडून येणाऱ्या वाटेकडे पाहायचे. मला दोघांचाही राग यायचा, आजही येतो. एवढे मोठे बाप्ये, आणि एका शब्दासाठी दोघंही मूग गिळून बसले. अशी कितीतरी वर्षं गेली. त्या वर्षांची हळहळ मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही दुःखापेक्षा जास्त वाटते.

मग भाऊजी आजारी पडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात दम्यानं अंथरूण धरलेलं. मी पेज घेऊन निघाले, तर मालक म्हणाले, "थांब, मी येतो." पाहते तर पट काखेत.

बागेतल्या घरात भाऊजी खाटेवर टेकून बसले होते. मालकांनी खाटेवरच पट मांडला. भाऊजींनी मोहऱ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मले दिसत नाही, पाटील."

"मी सांगतो ना एकएक चाल. तुम्ही नुसतं बोला, मी हलवतो."

तसं सुरू झालं. मालक प्रत्येक चाल तोंडानं सांगत होते, दोन्हीकडची प्यादी स्वतःच सरकवत होते. इतकं बोलताना मी त्यांना कितीतरी वर्षांनी ऐकलं. पण थोड्या वेळानं भाऊजींच्या डोक्यातला पट विस्कटला. कोणता मोहरा कुठं, त्यांना सांगता येईना. दम लागला.

"राहू द्या," ते म्हणाले. "आता नाही जमत."

मालकांनी मोहरे गोळा केले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "मले वाटलं, तुम्ही रुसले. म्हणून मी बोलावलं नाही, बुवा."

"रुसलोच होतो," भाऊजी म्हणाले. "पण रुसलेल्या माणसालेच तर बोलावून आणतात, पाटील. मी रोज संध्याकाळी हातपाय धुऊन बसत होतो."