सम्राटाच्या गालावरची रेघ

मेक्सिको सरांकडे साखर मागायला गेलं तरी अर्धा तास मेक्सिकोत काढावा लागे. हिंगणघाटला आमच्या शेजारी राहणारे हे निवृत्त इतिहासशिक्षक. नागपूरच्या जुन्या बाजारात त्यांना एक तांब्याचं पदक मिळालं आणि आमच्या मागे ती पीडा लागली.

पदकावर दाढीवाल्या सम्राटाचा चेहरा होता. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी फौज पाठवून हा ऑस्ट्रियाचा राजपुत्र मेक्सिकोच्या गादीवर बसवला. तिथल्याच काही बड्या लोकांनी त्याला आवतण दिलं होतं. लोकांचा अध्यक्ष मात्र घोडागाडीतून गावोगाव फिरत सरकार चालवत राहिला, आणि शेवटी सम्राटाला गोळ्या घातल्या गेल्या. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही सरांनी हे सगळं ऐकवलं. पोहे गार झाले, मुलाचे मामा पेंगायला लागले, तरी अध्यक्षांची गाडी काही थांबेना.

सम्राटाच्या कपाळापासून दाढीपर्यंत एक खोल रेघ होती. सर तिच्यावरून बोट फिरवत म्हणायचे, "हे पाह्य. हे टाकसाळीतलं नाई." पुढचं मी कधी ऐकूनच घेतलं नाही.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांची पूजेची भांडी मीच पॉलिशवाल्याकडे नेली. दसऱ्याला ते पुस्तकांसोबत पदकही पूजेत मांडत, म्हणून तेही नेलं. म्हटलं, एवढा जीव आहे तर तो ओरखडाही काढून देऊ. पॉलिशवाल्यानं चाकावर घासून सम्राटाला अगदी नवरदेव करून दिलं.

सरांनी काळा चष्मा वर केला. बोटानं चेहरा चाचपला, पुन्हा चाचपला. मला वाटलं, आता माझी खैर नाही. ते हळूच म्हणाले, "सम्राट मेल्यावर कोन्या तरी मेक्सिकोवाल्यानं खिळ्यानं ओढली असन ती रेघ. त्या बिननावाच्या मानसाची तेवढीच सही होती बाप्पा. तुले किती डाव सांगतलं म्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि रागही आला. अख्खा मेक्सिको पालथा घालण्याआधी हे एक वाक्य सांगता आलं नसतं?

सर गेले, आणि पदक माझ्यासाठीच ठेवून गेले. जाता जाताही छळायचं सोडलं नाही. त्यांची फार आठवण येते. रेघ नसल्यामुळे पदक आता स्वतः काही बोलत नाही, मलाच बोलावं लागतं. परवा साखर मागायला आलेले शेजारी वाटी घेऊन निघायची घाई करायला लागले.

"बसा जी," मी म्हणालो. "रेघ इथून इथवर होती."