ओंगारच्या सोफ्यावर जर्मन उदारमतवादी

आमच्या ओंगारच्या, म्हणजे या आयरिश उपनगरातल्या, इतिहास कट्ट्यावर इतिहास कमी आणि किस्सेच जास्त झालेत. नोट्स कुणी काढत नाही, पण कोण काय बोललं ते सगळ्यांना पाठ!

कट्टा म्हणजे चार माणसं. उषावहिनी नाशिकला शाळेत इतिहास शिकवायच्या, इकडे नवऱ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर आल्या. नवरा मिलिंद, लिक्सलिपच्या चिप प्लांटमध्ये इंजिनिअर. तिसरे पाटील, आमच्यात स्वतःचं घर असलेले एकटेच. चौथा मी. या हिवाळ्यात वहिनींनी विषय काढला, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन उदारमतवाद्यांना नेमकं हवं काय होतं?

मिलिंद म्हणाला, "कुणाला पडलंय?"

वहिनी म्हणाल्या, "मला."

विषय ठरला!

*

पहिला रविवार आमच्याकडे. कोल्हापूरहून आलेली माझी आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. वहिनी सांगत होत्या, "जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. पुष्कळ राज्यं, ज्याचा त्याचा राजा. या लोकांना सगळ्यांचा मिळून एक देश हवा होता, आणि राजांनाही बांधून ठेवणारी लेखी राज्यघटना."

आईला पटेना. "लिवून कशाला घ्यायचं? राजानं शब्द दिला आसंल की!"

"दिला होता, आई. म्हणूनच!"

*

त्याच दिवशी वहिनी जोरात म्हणाल्या, "आणि मोठी मागणी, फ्रीडम ऑफ द प्रेस!"

माझी मुलगी इरा जिन्यावरून धावतच खाली आली. इथे वाढलेली, त्यामुळे इथल्या आयरिश बोलीप्रमाणे तिच्या लेखी प्रेस म्हणजे किचनमधलं कपाट. आईने चकल्यांचा डबा त्यातच वरच्या फळीवर ठेवला होता.

"आजी, यू हर्ड हर! ओपन द प्रेस!"

आईने मुकाट्याने डबा काढून दिला. जर्मनीत या मागणीसाठी माणसं तुरुंगात गेली होती!

*

मग मताधिकार आला. उदारमतवाद्यांना निवडून दिलेली संसद हवी होती, पण मत कुणाला? त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटे, मालमत्ता आणि शिक्षण असलेल्या पुरुषांनाच द्यावं.

"म्हणजे आपल्यात फक्त पाटलांना," मिलिंद म्हणाला. "बाकी आपण सगळे भाड्याच्या घरातले."

पाटील ताठ बसले. "मग ठराव पास! पुढच्या वेळी भजी तुम्ही आणायची."

वहिनींनी विचारलं, "एकमताने?"

"एकाच मताने!"

*

अठराशे अठ्ठेचाळीसची क्रांती ऐकताना मात्र सगळे पुढे सरकून बसले. फ्रँकफर्टच्या एका चर्चमध्ये निवडून आलेली माणसं जमली, महिनोन् महिने वाद घालून त्यांनी नागरिकांचे हक्क लिहिले, घटना लिहिली. मग प्रशियाच्या राजाला सम्राटपदाचा मुकुट देऊ केला, तर तो नको म्हणाला. सैन्य राजांच्याच हाती राहिलं.

मिलिंदने कप खाली ठेवला. "अरेरे! डिझाइन परफेक्ट, पण पॉवर सप्लाय दुसऱ्याकडे!"

'कुणाला पडलंय' म्हणणारा तोच. त्या दिवशी सगळ्यात शेवटी तोच उठला.

*

मध्यंतरी इथे कौन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी, निवडणूक आली. तिला नागरिकत्व लागत नाही, इथे राहणाऱ्याला मत देता येतं. वहिनींनी लगेच नाव नोंदवलं. मिलिंद "करतो गं" म्हणत राहिला आणि मुदत टळली.

वहिनींना त्या नावनोंदणीचं फार अप्रूप होतं. इतकी वर्षं बँकेत, दवाखान्यात, शेजारी, सगळीकडे त्या मिलिंदच्या मिसेस. "पहिल्यांदा कुणी नुसतं मला विचारणार आहे," असं मला म्हणाल्या होत्या.

प्रचाराच्या दिवसांत मी त्यांच्याकडे चहाला होतो. बेल वाजली. दारात पावसात भिजलेला उंचापुरा उमेदवार, हातात पत्रकं. वहिनींनी दार उघडलं, तर हा त्यांच्या खांद्यावरून आत बघायला लागला. इकडे घरच्या कर्त्या पुरुषाला 'हिमसेल्फ' म्हणतात.

हसून म्हणाला, "हाउ आर या, मिसेस. इज हिमसेल्फ इन?"

मिलिंद सोफ्यावरून उठायला लागला. वहिनींनी मागे न बघताच त्याला हाताने बसवलं.

"हिमसेल्फ इज इन," त्या म्हणाल्या. "बट द व्होट इज विथ हरसेल्फ. कम इन अँड टेल मी व्हॉट यू वाँट!"