भूतानचा अहवाल, व्हाया निमोणे

पेमा वांगमो ही भूतानच्या सरकारी खात्यातली अधिकारी. आमच्या पुण्याच्या प्रशिक्षण संस्थेत ती तीन महिन्यांसाठी आली होती आणि मी तिथं ऑफिसात काम करते. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी चहा पिताना तिनं विचारलं, "मंगल, शेतीच्या शेजारी कारखाने आले, असं एखादं गाव जवळपास आहे का? वर्गात फार ऐकलं. आता बघायचंय."

"आहे की," मी म्हटलं. "माझ्या मामाचं."

शनिवारी सकाळी आम्ही शिवाजीनगरच्या स्टँडवर हजर. शिरूरचं तिकीट चाळीसच्या आत. वाघोलीपर्यंत गर्दीत दम निघतो, तेवढं सोसायची तयारी ठेवा. पेमाचं हिंदी टीव्हीवर शिकलेलं, माझं पुण्यातलं, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. इथे मी सगळं मराठीतच लिहिते.

बसमध्ये तिनं तिच्या देशाची गोष्ट सांगितली. नद्यांवर वीज तयार होते, ती भारताला विकतात, त्यातून रस्ते आले, दवाखाने आले, शाळा आल्या. मुलं भरपूर शिकली. आणि आता शिकलेल्यांना काम नाही. तिची धाकटी बहीण देचेन पदवी घेऊन दोन वर्षं राजधानीत बसून होती. "शेतात जायचं नाही म्हणते. ऑफिसात जागा नाही. साबणापासून तांदळापर्यंत सगळं तुमच्याकडून ट्रकनं येतं. आम्ही काय बनवतो?"

म्हणून सीमेजवळच्या एका खोऱ्यात कारखान्यांची वसाहत करायचं घाटत होतं. डोंगराळ देशात सपाट जमीन मूठभर, ती तिथंच होती. त्याचा अहवाल पेमाला लिहायचा होता. परत गेल्या गेल्या द्यायचा. देचेन दर आठवड्याला विचारायची, झाला का लिहून?

शिक्रापूर सोडल्यावर कंपन्यांच्या भिंती सुरू झाल्या. पेमा खिडकीला चिकटली. एका भिंतीला लागून ज्वारी उभी होती आणि ज्वारीत खुरपणाऱ्या बाईच्या डोक्यावर कंपनीची निळी टोपी होती. "ही कुठली? शेतातली की कारखान्यातली?" पेमानं विचारलं.

शिरूरहून निमोण्याला वडाप मिळतं, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप. बारा रुपये. पुढं ड्रायव्हरशेजारी बसायचं असेल तर लवकर जाऊन जागा धरा.

सोपानमामा फाट्यावरच उभे होते. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आम्ही धनगर. मामांनी निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलं, आता पाटाचं पाणी आल्यावर चार एकरांत ऊस आणि कांदा करतात. त्यांनी पेमाला नाव विचारलं आणि लगेच 'प्रेमाताई' करून टाकलं. तिनंही ते मान्य केलं.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. मामांची सून सुनीता भीत भीत बोटभर ठेचा वाढायला गेली, तर पेमानं वाटीच पुढं केली. त्यांच्याकडं मिरची ही भाजी असते म्हणे. ती ठेचा भाकरीला लावून खात सुटली.

"वन्सं," सुनीता माझ्या कानात म्हणाली, "पोटात काय व्हणार न्हाई ना बाईंच्या?"

काही झालं नाही. उलट संध्याकाळी आणखी मागितला.

सुनीता स्वतः एका कंपनीत पॅकिंगला जायची. सकाळी साडेसहाला फाट्यावर कंपनीची बस. पेमानं माझ्यामार्फत तिला प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि सुनीतानंही एकेकाचं नीट उत्तर दिलं.

"काम बरं हाय. सावलीत हाय. पर पर्मनंट न्हाई. सात महिनं झालं की ब्रेक देत्यात, मग दुसऱ्या ठेकेदाराकडनं पुन्हा लागायचं."

"मग सोडावंसं वाटत नाही?"

"सोडून काय करू? माझ्या पगारावर पोरगी शिरूरच्या शाळंत जाती. आन् मामंजी आता मला इचारल्याबिगर टॅक्टर सांगत न्हाईत." मामा हसले. ते खरं होतं.

दिवेलागणीला पेमानं ओसरीवर आपला नकाशा उघडला. खोरं, नदी, शेतं आणि मधे मोठा हिरवा पट्टा. सोबत जमीनमालकांची यादी. मामांनी हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"ही जमीन कुणाची?"

मी हिंदीत सांगितलं. पेमा म्हणाली, "सरकारची. रिकामी आहे. म्हणून वसाहत तिथं."

"गवत हाय का तिथं?"

"आहे."

"मग रिकामी कशी?"

पेमानं नकाशा स्वतःकडं ओढला. मग हळूच म्हणाली, "थंडीत वर बर्फ पडतं. तेव्हा वरचे लोक गुरं घेऊन खाली येतात. उन्हाळ्यात परत जातात."

"त्येंची नावं हायती का कागदावर?"

"नाहीत. आमची पाहणी उन्हाळ्यात झाली."

मामांनी चंची काढली, पान जुळवलं. "आमचंबी आसंच झालं, ताई. हायवेकडं माळ हुता. पाऊस सरला की आमची मेंढरं तिथंच. कंपन्या यायच्या म्हटल्यावर ज्येंची जमीन, त्येंना बोलावलं. पैसं मिळालं, कुणाच्या पोराला नोकरी मिळाली. चरणाऱ्याला कोण बोलावणार? माळावर आमचा सातबारा कुठं हुता? एका साली मेंढरं घिऊन गेलो, तर तारंचं कुंपण. वाचमन म्हणाला, मागं फिरवा."

"मग?"

"मग काय. फिरवली."

हे मला ठाऊक नव्हतं. मामांनी मेंढरं विकली एवढं माहीत होतं. वय झालं, पाणी आलं, म्हणून विकली असतील असं मी धरून चालले होते.

"म्हणजे वाईट झालं," पेमा म्हणाली.

"तसं न्हाई म्हणत मी." मामा जरा चिडलेच. "सून कमावती, नात शाळंत जाती. पावसात उघड्यावर निजायचं सुटलं. कंपन्या नगं म्हटलं का मी? इचारलं आसतं, तर मेंढरांपुरती वाट सोडा म्हटलं आसतं. तेवढंच."

रविवारी सकाळी वडापनं न्हावऱ्याला आणि तिथून एसटीनं भीमा ओलांडून चौफुल्याला आलो. पुलावर खिडकीची जागा सोडू नका. नदीच्या दोन्ही काठांना नुसता ऊस. चौफुल्याहून सोलापूर हायवेनं वरवंड वीसेक मिनिटांवर.

वरवंडजवळच्या गुऱ्हाळावर गरम गूळ खाल्ला. कढईपाशी राबणारे सगळे उत्तर प्रदेशातले. पेमा त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागली आणि मालक बघतच राहिले. "तुमची मुलं इथं काम करत नाहीत?" तिनं मालकांना विचारलं.

"आमची पोरं? ती कंपनीच्या गेटवर हुबी हायती. ह्या आगीपाशी कोण येतंय?"

"आमचे रस्तेही बाहेरचीच माणसं बांधतात," पेमा मला म्हणाली. "आमची मुलं ऑफिसच्या दारात."

पुढं एका वखारीत कांद्याच्या गोण्या भरणं चाललं होतं. हा माल कुठं जाणार, तिनं विचारलं. व्यापारी म्हणाला, "सिलिगुडीला." पेमा मोठ्यानं हसली. उत्तर बंगालातल्या सिलिगुडीहूनच कांदा भूतानला जातो. "माझी आई तुमचा कांदा चिरते! इकडं भाव चढला की ती तिकडं मला बोलते." व्यापाऱ्यानं तिला दोन कांदे तसेच हातात दिले, "आईला सांगा, वरवंडचा हाय."

यवतला ढाब्यावर जेवलो. थाळी चाळीस रुपये, पिठलं मागून घ्या. जेवल्यावर पेमा शेजारच्या फोन बूथमध्ये शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काचेतून तिचे हलणारे हात तेवढे दिसत होते.

"देचेनला सांगितलं," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "पाहणी परत थंडीत करायला हवी, असं लिहिणार आहे. म्हणजे वर्ष जाणार."

"रडली?"

"ओरडली. म्हणाली, तुला नोकरी आहे म्हणून सुचतंय हे." मग म्हणाली, "खोटं नाही बोलली ती."

पुण्याच्या बसमध्ये हडपसर येईपर्यंत ती वहीत अहवालाचे मुद्दे लिहीत होती.

पेमा जानेवारीत परत गेली. उन्हाळ्यात तिचा मेल आला. साहेबांनी अहवाल दोनदा माघारी धाडला. तिसऱ्यांदा घेतला आणि थंडीत पुन्हा पाहणी करायचं कबूल केलं. वसाहत होणार आहेच, पण गुरांची वाट सोडून आखता येते का ते बघणार आहेत. देचेन अजून घरीच आहे आणि ताईशी मोजकंच बोलते. शेवटी लिहिलं होतं, "मामांना विचार, तुमच्या माळावर किती घरांची मेंढरं यायची? साहेबांना उदाहरण दाखवायचंय."

मी त्या रविवारी निमोण्याला गेले. मामा ओसरीवर बसून बोटांवर नावं मोजत होते, मी वहीत उतरवत होते. कुणाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कुठं बसायचा, कुणाची किती मेंढरं, कोण आता कुठं. काही माणसं उरलेली नव्हती, काहींची मुलं त्याच कंपन्यांत कामाला होती. दोन तास गेले. ही नावं याआधी कुणी लिहून घेतली नव्हती. मीसुद्धा नाही, आणि मी तर घरातलीच.

"वाच बरं," मामा म्हणाले.

मी वाचली. अकरा घरं.

"एक राह्यलं."

"कुणाचं, मामा?"

"आपलं," मामा म्हणाले. "लिव."